सर्व्हर म्हणजे समजा हॉटेल

“मॅडम, वेटर आत गेला आणि आचारीच जाग्यावर नसला, तर?”

हणमंतराव गुरवांनी हात वर करून हे विचारलं तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. फळ्यावर तीन चौकोन काढून झाले होते: गिऱ्हाईक, वेटर आणि स्वयंपाकघर. चौथा चौकोन कशाचा, ते काही केल्या आठवत नव्हतं. खडू बोटांत फिरवत मी खोल विचारात असल्याचा चेहरा केला होता, पण तो फळ्याकडे असल्यामुळे वर्गाला त्याचा काहीच उपयोग नव्हता.

“आचारी कुठे जाईल?” मी वळून म्हणाले.

“कुठंबी जाईल की. चूळ भराया जाईल, तंबाखू मळाया जाईल. मानूस हाय, त्याला काय खांबाला बांधून ठेवताय?”

वर्ग हसला. वर्ग दहाच जणांचा, पण खालच्या पिठाच्या गिरणीवर आवाज काढायची सवय लागल्यामुळे वीस जणांइतका हसायचा. ती गिरणी सकाळी नऊला सुरू व्हायची, आमची फरशी थरथरायची आणि कीबोर्डच्या फटींत बारीक पीठ जाऊन बसायचं. हसणं चालू असताना मी टेबलावरच्या पुस्तकात डोकावून घेतलं. चौथा चौकोन दारावरच्या माणसाचा होता, कुठलं गिऱ्हाईक कुठल्या वेटरकडे धाडायचं ते ठरवणाऱ्याचा.

“आपल्या हॉटेलातला आचारी कधीच जागा सोडत नाही,” मी ठणकावून सांगितलं आणि चौथा चौकोन काढला.

“मंग त्यो आचारी न्हाई,” हणमंतराव म्हणाले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव कराड, जागा खटावकर सरांची कॉम्प्युटर अकॅडमी. मी चोवीस वर्षांची, नाव हेमांगी टोणपे, आणि दारावरच्या पाटीप्रमाणे हुद्दा ‘वेब डेव्हलपमेंट फॅकल्टी’. ज्या फ्रेमवर्कचे चौकोन मी काढत होते त्याचं नाव सांगत नाही. आजच्या मुलांना सांगितलं की ती आधी हसतात आणि मग माझं वय विचारतात. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. सगळं पहिल्यापासून लिहीत बसायचं नाही, सांगाडा आयता मिळतो, आपण त्यात आपलं भरायचं. एवढं मला येत होतं. याच्या पुढचं काहीही येत नव्हतं.

मुलाखतीत खटावकर सरांनी विचारलं होतं, “हे फ्रेमवर्क येतं का?” आणि मी म्हणाले होते, “दोन वर्षं त्यातच काम केलंय.” तोंडातून निघून गेलं. विट्याला मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे सातबारे काचेवर पालथे घालण्यात माझी कॉम्प्युटरची पदवी चालली होती आणि त्या मशीनच्या हिरव्या उजेडाची मला शिसारी आली होती. सर ‘उद्यापासून या’ म्हणाले. त्याच संध्याकाळी मी पुस्तक विकत घेतलं आणि तेव्हापासून मी वर्गाच्या सहा दिवस पुढे होते. कधीकधी चार.

पुस्तकातला कोड मला कळायचा नाही, पण दाखले कळायचे. लेखक कोणी परदेशी गृहस्थ होते आणि त्यांचं प्रत्येक प्रकरण दाखल्यानेच सुरू व्हायचं. सर्व्हर म्हणजे हॉटेल. वेबसाइटचे सुटे भाग म्हणजे ठोकळे. डेटा म्हणजे नळातलं पाणी. मी वर्गात दाखला रंगवून सांगायची आणि दाखल्याच्या पुढचं जे काय असेल ते ‘घरून वाचून या’ म्हणून सोडून द्यायची.

अडचण एवढीच होती की कराडात प्रत्येक दाखल्याला एक जाणकार निघतो. ठोकळे कोणी पाहिले नव्हते म्हणून मी ‘विटा समजा’ म्हणाले, तर पूनम सुतार उठून उभी राहिली. तिचा भाऊ बांधकामावर होता. “मॅडम, तुम्ही म्हणता भाग काढून दुसरीकडे लावता येतो. पण एकदा सिमेंट धरलं की वीट निघत नाही, फोडावी लागते.” डेटा म्हणजे नळाचं पाणी म्हटलं, तर मागून कोणीतरी “किती वाजता येतं?” असं विचारलं. पण ही सगळी किरकोळ मंडळी होती. खरा त्रास हणमंतरावांचा.

हणमंतराव चोपन्न वर्षांचे. चाळीस वर्षं लग्नांच्या जेवणावळी करण्यात गेली होती. धुराने छाती धरली, डॉक्टरांनी भट्टीपुढे उभं राहायला बंदी केली. आमची बॅच सरकारच्या एका योजनेतली होती. तिच्यात वयाची अट नव्हती, पण दहा माणसांची होती, आणि खटावकर सरांकडे नऊच भरले होते. सरांच्या मुलीच्या लग्नाचं जेवण हणमंतरावांनीच केलं होतं. सर त्यांना म्हणाले, “नुसतं यायचं, सही करायची आणि जायचं.”

पण हे सही करून जाणाऱ्यांतले नव्हते. आपल्या कामाची वेबसाइट आपणच करायची, लोकांनी तिच्यावर जेवणावळ सांगायची आणि आपण खुर्चीत बसून माणसं धाडायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ते पहिल्या बाकावर बसायचे, टोपी काढून कीबोर्डशेजारी ठेवायचे, दोनशे पानी वही उघडायचे आणि प्रश्न विचारायचे. जरा कुठे माझं गाडं अडलं, मी पान उलटायला लागले, की यांचा हात वर आलाच म्हणून समजा. हा माणूस माझ्या मुळावर उठलाय, असं मी माझ्या घरमालकीणबाईंनाही सांगून झालं होतं.

परीक्षा पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी होती. परीक्षक पुण्याहून येणार होते.

“दहापैकी आठ पास झाले,” खटावकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “की पुढची बॅच मंजूर आणि तुम्ही कायम.”

“आणि नाही झाले तर, सर?”

“विट्याची एसटी दर अर्ध्या तासाला आहे.”

त्या सोमवारी मी वर्गात एक वाक्य बोलले. पुस्तकातलं तेवढं एकच वाक्य मला खात्रीने कळलं होतं, म्हणून जरा तोऱ्यातच बोलले. “ब्राउझर मागतो, सर्व्हर देतो. मागितलं तेवढंच देतो. मागितल्याशिवाय सर्व्हर काहीही देत नाही.”

हणमंतरावांनी पेन खाली ठेवलं. “मागितल्याबिगर वाढायचंच न्हाई?”

“नाही.”

“आणि मानूस लाजला तर?”

“कोण माणूस?”

“जेवनारा. पोटात भूक हाय आणि मागाया लाजतोय. त्यानं तसंच उठायचं?”

“हणमंतराव, हे हॉटेल आहे.”

“त्येच तर म्हंतोय. म्या जन्मात हॉटेलात काम केलं न्हाई. पाचवा आठवडा लागला, तुमी हॉटेल सांगताय आणि माज्या डोक्यात शिरंना. मला पंगतीतलं इचारा. पंगतीत कुनी मागत न्हाई. वाढपी वळीनं फिरतोय, पानाकडं बघतोय, काय सरलं ते त्याचं त्याला कळतंय. ह्यात तसा वाढपी फिरवता येतो का न्हाई, ते सांगा.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मला काय माहीत येतो की नाही! मी पानं उलटली. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर काहीतरी सापडलं. उघडलेलं पान आपण होऊन दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारतं, काही नवीन आहे का. खालच्या कोडाच्या ओळी डोक्यावरून गेल्या, पण ‘दर काही सेकंदांनी’ एवढे शब्द कळले.

“येतो,” मी म्हणाले. “पान एकशे त्रेचाळीस.”

“म्हंजी पंगतच समजू?”

“समजा.”

त्या एका शब्दाने मला केवढं हायसं वाटलं! हॉटेलच्या पुढची पानं आता मला वाचून दाखवावी लागणार नव्हती.

आणि गंमत अशी, की त्या दिवसापासून वर्गाला खरंच कळायला लागलं. हणमंतरावांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर पत्रावळ काढली. “ह्ये समदं पान म्हंजी तुमचा स्क्रीन. मीठ वर मधोमध, त्ये हललं न्हाई पायजे. डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. बारीक बारीक जिन्नस. उजव्या अंगाला भाज्या. भात खाली मधी. डावं उजवीकडं गेलं की जेवनाऱ्याचा हात चुकतोय.” चार आठवडे पूनमच्या पानावर सगळे रकाने एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे. तिने पत्रावळ बघितली, जागेवर गेली आणि अर्ध्या तासात तिचं पान ताठ उभं राहिलं. मग प्रत्येकाने हणमंतरावांचं बघून आपापल्या साइटवर पंगत बसवली, म्हणजे न मागता विचारत फिरणारा वाढपी. मोबाइल दुरुस्तीच्या साइटवर पंगत, शिवणक्लासच्या साइटवर पंगत. बुधवारी दहाच्या दहा साइट चालू झाल्या. मी पाठीमागून फेऱ्या मारत प्रत्येकाला “छान” म्हणत होते. मी कोड वाचत नसे, कोडाकडे बघत असे.

गुरुवारी दुपारी हणमंतराव टेबलापाशी आले. मी परीक्षेत काय विचारतील या धास्तीने पुस्तकाचं शेवटचं प्रकरण गिळत होते.

“मॅडम, ‘नको’चं काय करायचं?”

“कसलं नको?”

“पानावर ‘पुरे’चं बटन ठेवलंय. पर पयलं ‘नको’ लाजंचं असतंय. दुसरं रितीचं. तिसरं खरं असंलबी, पर तवर आपन दोनदा वाढल्यालं असतंय.”

“मग?” मी ओळीवर बोट ठेवून विचारलं.

“आमच्यात नको म्हनलं की दुप्पट वाढत्यात. तसंच ठिवू का?”

“ठेवा,” मी म्हणाले आणि पान उलटलं.

शुक्रवारी अकराला परीक्षक आले. गोवंडे सर म्हणजे पन्नाशीचे, काटकुळे, हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. खटावकर सरांनी चहा, कॉफी, सरबत, पोहे, शिरा अशी यादी म्हटली. गोवंडे सर म्हणाले, “नको.” खटावकर सर म्हणाले, “निदान अर्धा कप?” गोवंडे सरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की सर केबिनमध्येच निघून गेले. या माणसाचं ‘नको’ म्हणजे नकोच होतं. त्याच क्षणी माझ्या मनात धोक्याची घंटा वाजायला हवी होती. ती वाजली नाही, कारण हणमंतरावांच्या कोडात काय आहे, ते मला माहीतच नव्हतं.

दहाही साइट सरांच्या केबिनमधल्या एकाच मशीनवर चालत होत्या. तोच आमचा सर्व्हर. गोवंडे सरांनी सगळ्यांना आपापली साइट उघडायला सांगितली आणि स्वतः हणमंतरावांच्या खुर्चीत बसले. पान उघडलं. वर मधोमध नाव, डावीकडे बारीक जिन्नस, उजवीकडे भाज्यांचे फोटो.

“हं. मांडणी चांगली आहे,” ते म्हणाले. मी हवेत तरंगायला लागले.

तेवढ्यात पानावर एक चौकट उगवली. ‘आणखी काही वाढू?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘पुरे’.

गोवंडे सरांनी ‘पुरे’ दाबलं. तीन सेकंदांनी चौकट परत आली. ‘थोडंसं घ्याच.’ पुरे. ‘आमच्या हातचं एक.’ पुरे. ‘असं कसं? उपाशी उठणार?’

“हे बंद कुठून होतं?”

“बंद न्हाई होत, साहेब,” हणमंतराव अदबीने म्हणाले. “पाव्हना उठला की थांबतंय.”

पाहुणा उठला आणि पूनमच्या मशीनवर गेला. तिथे ‘माझी शप्पथ आहे’ असं होतं. तिसऱ्या मशीनवर ‘आम्ही काय परके आहोत का?’ गोवंडे सर एकेका मशीनवर बसत होते, पाच-सात वेळा ‘पुरे’ दाबत होते आणि ओठ घट्ट मिटून उठत होते. प्रत्येक ‘पुरे’ला त्या साइटच्या मागण्या दुप्पट होत होत्या, आणि पाहुणा उठला तरी त्या थांबत नव्हत्या, कारण पान उघडंच होतं. सातव्या मशीनवर चौकट यायला वेळ लागला. आठव्यावर पान अर्धंच आलं. नवव्यावर नुसता पांढरा स्क्रीन. मग एकामागून एक सगळे स्क्रीन पांढरे झाले आणि केबिनमधून, गिरणीच्याही वर, मशीनच्या पंख्याचा चढत जाणारा आवाज यायला लागला. त्यापाठोपाठ खटावकर सर आले. “टोणपे मॅडम! माउससुद्धा हलत नाही! काय करून ठेवलंय तुम्ही?”

गोवंडे सर सावकाश पहिल्या बाकावर येऊन बसले. “मॅडम, हे तुम्ही शिकवलंत ना? काय झालं ते सांगा.”

मला काहीच माहीत नव्हतं. पण जीभ सवयीची होती. “सर, सर्व्हर म्हणजे समजा एक हॉटेल…”

“हॉटेल नको. सर्व्हरला काय झालं ते सांगा.”

“म्हणजे, वेटर आत जातो तेव्हा…”

“वेटर नको.”

हॉटेल काढून घेतल्यावर माझ्याकडे काहीही उरलं नव्हतं. दारात खटावकर सर, समोर गोवंडे सर, खाली गिरणी. विट्याच्या दुकानातला तो हिरवा उजेड मला डोळ्यांपुढे दिसायला लागला.

“साहेब, एक इचारू?”

हणमंतरावांचा हात वर होता. आत्ता? या वेळेला? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“विचारा,” गोवंडे सर तिकडे वळून म्हणाले.

“मशीन तापलं तर त्याला गार कसं करत्यात? वलं फडकं चालतं का?”

“ओलं फडकं?” गोवंडे सरांना हा प्रश्न कधी कोणी विचारला नसावा. ते गंभीरपणे समजावून सांगायला लागले, की फडकं चालत नाही, का चालत नाही. ते संपतंय तोच हणमंतरावांनी दुसरं विचारलं, मग तिसरं. आणि बोलता बोलता त्यांनी एकदाच, अगदी हळूच, माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या पुस्तकाकडे. मग परत माझ्याकडे. हनुवटी किंचित हलली. बघून घ्या, मॅडम.

पाच आठवडे मी अडले की वर येणारा तो हात. आचारी कुठे गेला, वर्ग हसतोय, आणि तेवढ्यात मी पुस्तकात डोकावतेय. दर वेळी. एकदाही चुकलं नव्हतं. आणि मी या माणसाला घरमालकीणबाईंपुढे शिव्या घालत होते. मला इतकी लाज वाटली, की रडू येईल असं वाटलं. पुस्तक हाताच्या अंतरावर उघडं पडलेलं होतं, पण मला काय शोधायचं तेच माहीत नव्हतं.

हणमंतरावांचे प्रश्न संपले असावेत. ते उभे राहिले. “साहेब, खरं सांगू का? चूक माजी हाय. मॅडमनी सांगितलं हुतं, मागितल्याबिगर वाढू नगा. म्याच ऐकलं न्हाई. समद्या पोरांनी माजंच बघून केलंय. मला नापास करा, बाकीच्यांस्नी करू नगा.”

गोवंडे सरांनी पेन काढलं. खटावकर सर लगेच म्हणाले, “वयस्क आहेत हो ते, दहावे म्हणून घेतलेले.” एवढ्यावर भागणार होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं.

“नाही सर,” मी म्हणाले. “त्यांनी मला विचारलं होतं. मीच ‘ठेवा’ म्हणाले. त्यांनी काय विचारलं, ते मला कळलंच नव्हतं. मला हे फ्रेमवर्क येत नाही. दोन वर्षं काम केलंय हे खोटं आहे. हे पुस्तक मी पाच आठवड्यांपूर्वी घेतलंय, आणि त्यातले फक्त दाखले शिकवलेत.”

गोवंडे सरांनी पेन खाली ठेवलं आणि ते पुस्तक जवळ ओढून चाळायला घेतलं.

“टोणपे मॅडम,” खटावकर सर म्हणाले, “तुम्ही आजपासून येऊ नका.”

“आजचा दिवस तरी त्यांना ठेवावं लागेल,” गोवंडे सर वर न बघता म्हणाले. “परीक्षेच्या वेळी शिक्षक हजर नसेल तर बॅच रद्द होते. पाचपर्यंत.”

“मग पाचपर्यंत थांबा,” खटावकर सर मला म्हणाले. “पाचनंतर येऊ नका.”

गोवंडे सरांनी मशीन बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. “परीक्षा बदलली आहे. दोष शोधा आणि दुरुस्त करा. सगळ्यांनी मिळून शोधलात तरी चालेल. मॅडम, तुम्हीही बसा. मात्र हॉटेल काढायचं नाही.”

मी एक स्टूल ओढून हणमंतरावांशेजारी बसले. नोकरी गेलीच होती, त्यामुळे अंगातली भीतीही गेली होती. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच मी कोड वाचायला घेतला.

“ही ओळ काय करते?” मी विचारलं.

“पुस्तकात बघून उतरवलीया. ठावं न्हाई.”

“मलाही नाही. काढून बघू?”

काढली. पानावरचं नाव गायब झालं. परत घातली. दुसरी काढली, काहीच झालं नाही. तिसरी काढली, तर चौकट येईनाशी झाली. पूनम खुर्ची घेऊन मागे आली, मग बाकीचेही. एक जण तेवढा डबा खायला म्हणून घरी गेला तो आलाच नाही. अडीच वाजता पूनमने पान एकशे त्रेचाळीस मोठ्याने वाचायला घेतलं आणि अगदी तळाला, जिथपर्यंत मी कधी पोचलेच नव्हते, एक ओळ निघाली: काम झाल्यावर हे विचारणं थांबवायला विसरू नका.

मी फळ्यापाशी गेले. चौकोन काढले नाहीत. जे होतं ते लिहिलं. पान दर तीन सेकंदांनी सर्व्हरला विनंती पाठवतं. ‘पुरे’ दाबलं की विनंत्या दुप्पट होतात. त्या थांबवणारी ओळ कुठेही नाही. दहा पानं, दहा मशीनं, एक सर्व्हर. लिहून झाल्यावर मी ते स्वतःच पुन्हा वाचलं, आणि मला कळलं. कशासारखं आहे म्हणून नव्हे, ते जे आहे तेच कळलं. मला इतका आनंद झाला, की आपल्याला दुपारीच काढून टाकलंय हे क्षणभर विसरायला झालं.

“म्हंजी ‘नको’ म्हंजी नकोच धरायचं?” हणमंतरावांनी विचारलं. हा प्रश्न मात्र खरा होता.

“हो.”

“पयल्याच खेपंला?”

“पहिल्याच.”

त्यांनी सुस्कारा सोडला. “मशीनला रीतभात न्हाई,” असं म्हणून दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्यांनी थांबवायची ओळ लिहिली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना गोवंडे सर परत त्याच खुर्चीत बसले. चौकट आली. ‘आणखी काही वाढू?’ त्यांनी ‘पुरे’ दाबलं. चौकट गेली. त्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलं. तीन सेकंद झाले. दहा झाले. पूर्ण एक मिनिट झालं तरी चौकट आली नाही. ते उठले आणि बाकीच्या मशीनवरही तसंच करून आले.

“नऊ पास,” त्यांनी कागदावर सही करत खटावकर सरांना सांगितलं. “एक गैरहजर. पुढची बॅच मंजूर.” ते बाटलीतलं पाणी प्यायले आणि चहा न घेता निघून गेले.

खटावकर सर त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले. वर्ग पांगत होता. मी पुस्तक पिशवीत टाकलं.

“टोणपे मॅडम,” सर घसा खाकरून म्हणाले, “ते दुपारचं मनावर घेऊ नका. रागाच्या भरात बोललो. पुढची बॅच पंधरा तारखेपासून आहे. फक्त आजचं हे बाहेर बोलायचं नाही. कोणी विचारलं तर दोन वर्षांचा अनुभव, असंच सांगायचं.”

मला ती नोकरी अजूनही तितकीच हवी होती. “नाही सर,” मी म्हणाले. “मला येतं ते शिकवीन. येत नसेल तिथे येत नाही म्हणून सांगीन, आणि मग सगळे मिळून शोधू. तसं चालणार असेल तर येते.”

“अहो, असं कसं चालेल?” सर काकुळतीला आले. “जिला स्वतःलाच येत नाही, तिच्यापुढं वर्गात बसेल कोण?”

हणमंतराव दारात चपला घालत होते.

“म्या बसलो की, सर,” ते म्हणाले. “मला पयल्याच दिवशी कळलं हुतं.”